घासावरचा मावा

आमच्या बीबीत, लोणार तालुक्यात, पऱ्हाटी आणि सोयाबीनची चर्चा रोज होते. विहिरीजवळच्या दोन-चार गुंठे लसूणघासाकडं मात्र कुणी पीक म्हणून बघत नाही. थंडीत आभाळ आलं की या घासाच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा चढतो. पानं मुरडतात, चिकट होतात. एका शेजाऱ्याला विचारलं, काय फवारलंत? म्हणाला, "भाऊ, पऱ्हाटीचं औषध उरलं होतं, तेच मारलं." आणि दुसऱ्या दिवशी त्याच घासाचा भारा म्हशीपुढं! त्या औषधाचा अंश दुधात उतरू शकतो, आणि दूध घरातली लेकरं पितात.

मी अशा वेळी विळा काढतो. लसूणघासाची पहिली कापणी पेरणीनंतर ५०-५५ दिवसांनी, पुढच्या २५-३० दिवसांनी येतात. मावा दिसू लागला आणि कापणी आठवड्यावर आली असेल, तर थांबू नये. घासाबरोबर बराचसा मावाही जातो. फार चिकट, काळा पडलेला घास मात्र ढोरांना घालू नये.

सगळा वाफा एकदम मोकळा करू नका, एखादा पट्टा राखा. तिथं मावा खाणारे ढालकिडे टिकतात. त्यांची अळी काळसर, नारिंगी ठिपक्यांची, इवल्या मगरीसारखी दिसते. लोक तिलाच कीड समजून चिरडतात!

कॅलिफोर्नियात १९५४ साली घासावर ठिपक्यांचा मावा आला. फवारण्यांनी मित्रकिडे मेले, मावा मात्र औषधाला दाद देईना. त्या अनुभवातूनच १९५९ मध्ये स्टर्न आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी एकात्मिक कीड नियंत्रणाचा विचार मांडला. कीड दिसली म्हणून नव्हे, तर नुकसान खर्चाहून मोठं होणार असेल तेव्हाच फवारायचं.

फवारायचंच झालं तर आधी पाच टक्के निंबोळी अर्क. रासायनिक औषधाच्या लेबलवर या पिकाचं नाव आणि कापणीपूर्वी थांबायचे दिवस वाचा. नाव नसेल तर बाटली उघडू नका.

बियाण्यासाठी राखलेल्या वाफ्यात विळा चालत नाही, आणि शेंगांवर घाटेअळी येते. तिथं औषध मारलंत, तर त्या वाफ्याचा पाला आणि मळणीनंतरचा भुसा गोठ्यात नेऊ नका.