आमच्या वह्यांची साक्ष



या ज्युबिलीनिमित्त आपल्या धर्मग्रामाचा इतिहास लिहिण्याचे काम तरुणांनी अंगावर घेतले आहे. त्यांस आम्हांस दोन शब्द सांगावयाचे आहेत.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगावची जुनी दप्तरे धुंडाळून १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने २२ खंड प्रसिद्ध केले. अस्सल कागदावाचून विधान करू नये, हा त्यांचा धडा होय. बुलढाण्याचेच यादव माधव काळे यांनी १९२४ साली 'वऱ्हाडचा इतिहास' लिहिला.

आपले अस्सल कागद म्हणजे बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या वह्या. त्या सावधपणे वाचाव्या. बाप्तिस्म्याची तारीख ही जन्मतारीख नव्हे. नोंद जशी आहे तशीच उतरावी आणि खाली वही, पान व अनुक्रमांक द्यावा. आजीची आठवण हीदेखील साक्षच. ती वहीशी जुळत नसल्यास दोन्ही द्याव्या, व आपला तर्क निराळा ठेवावा.

एक मोह मात्र टाळावा. १८९९-१९०० च्या दुष्काळाने वऱ्हाड होरपळले. कोणाचा पूर्वज भुकेला होऊन मिशनच्या दारी आला असे नोंदीत निघाल्यास ती ओळ लाजेने गाळू नये. भुकेल्यास अन्न द्यावे ही प्रभूची आज्ञा आहे. ते अन्न घेण्यात अप्रतिष्ठा कसली?

संत लूकनेही प्रत्यक्ष पाहणाऱ्यांची साक्ष शोधूनच शुभवर्तमान लिहिले. प्रभू आपल्या लेखणीस तेच सत्य देवो.