अल्ब्युमिनची बाटली : केव्हा आणि कशासाठी

(शिक्षक व पंचायत सदस्यांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय वैद्यकाचा आहे आणि मी वैद्य नव्हे. कलाशाखेचा पदवीधर आहे. तरीही हा विषय मी मागून घेतला, त्यास कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयाबाहेरील औषधांच्या दुकानात एक वयस्क शेतकरी माझ्या शेजारी उभे होते. त्यांच्या धाकट्या भावाला यकृताचा सिरॉसिस झालेला होता. हातातील चिठ्ठीवर अल्ब्युमिनच्या तीन बाटल्या लिहिल्या होत्या आणि दुकानदाराने सांगितलेली किंमत हजारोंच्या घरात होती. "साहेब, जरा वाचून सांगा, हे लागतंच का?" त्यांनी मला विचारले. अंड्याच्या पांढऱ्या भागात असते ते अल्ब्युमिन, एवढेच माझे शाळकरी ज्ञान. मी म्हणालो, "तात्या, एवढ्या पैशांत त्यांना वर्षभर अंडी खाऊ घाला की." सुदैवाने त्यांनी माझे ऐकले नाही.

नंतर मी डॉक्टर मंडळींना विचारून आणि वाचून जे समजून घेतले, ते आपणापुढे ठेवतो.

अल्ब्युमिन हे रक्तातील एक प्रथिन होय. निरोगी माणसाचे यकृत ते रोज सुमारे १० ते १५ ग्रॅम तयार करते. शेणखताने पोसलेली जमीन ज्याप्रमाणे ओल धरून ठेवते, त्याप्रमाणे हे प्रथिन रक्तातील पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवते. रक्तातील कित्येक औषधे आणि नको असलेली द्रव्ये वाहून नेण्याचे कामही तेच करते. दारू, 'ब' व 'क' प्रकारची कावीळ किंवा मधुमेह व स्थूलपणासोबत यकृतात साठणारी चरबी यांमुळे यकृत निबर होत गेले की त्यातून रक्त सहज वाहीनासे होते. यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेतील दाब वाढतो, अल्ब्युमिन घटते आणि पोटात पाणी साठते. यालाच आपण जलोदर म्हणतो. खाल्लेले अंडे पचून त्याचे घटक सुटे होतात. त्यांपासून अल्ब्युमिन घडवायचे ते यकृतानेच, आणि तेच तर आजारी असते.

बाटलीतील अल्ब्युमिन मानवी रक्तद्रवापासून वेगळे काढतात. ही रीत अमेरिकेतील शास्त्रज्ञ एडविन कोहन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास सिद्ध केली आणि डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बर येथील जखमींसाठी तिचा उपयोग झाला. हे द्रावण ६० अंश सेल्सियसला १० तास तापवून निर्धोक करतात आणि ते देण्यासाठी रक्तगट जुळवावा लागत नाही. रक्तदान शिबिरे भरविणाऱ्या गावांना हे मुद्दाम सांगावे. दान केलेल्या रक्तातील द्रवही अशा कामी येतो.

आता मुख्य प्रश्न : ते द्यावे केव्हा?

पहिला प्रसंग पोटातील पाणी सुईवाटे काढण्याचा. एका वेळी ५ लिटरहून अधिक पाणी काढले आणि शिरेतून काहीच दिले नाही, तर रक्ताभिसरण ढासळते आणि मूत्रपिंडांवर आघात होतो. म्हणून काढलेल्या प्रत्येक लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन देतात. १०० मिलिलिटरच्या २० टक्के द्रावणाच्या बाटलीत २० ग्रॅम असते, हे ध्यानात ठेवले की हिशेब कोणाही शिक्षकाला मांडता येईल.

दुसरा प्रसंग अधिक गंभीर. पोटातील त्या पाण्यात जंतुसंसर्ग होतो. ताप व पोटदुखी येते, कधी केवळ रुग्ण असंबद्ध बोलू लागतो. स्पेनमधील डॉक्टरांनी १९९९ मध्ये अशा १२६ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. केवळ प्रतिजैविक दिलेल्यांपैकी २९ टक्के रुग्णालयातच दगावले. सोबत अल्ब्युमिन दिलेल्यांत हे प्रमाण १० टक्के होते. मात्रा पहिल्या दिवशी वजनाच्या किलोमागे दीड ग्रॅम आणि तिसऱ्या दिवशी एक ग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ९० आणि ६० ग्रॅम. या प्रसंगी पैशांची जुळवाजुळव करण्यात दोन दिवस घालविणे परवडत नाही. सिरॉसिसमध्ये मूत्रपिंडे अचानक मंदावली, तर तेव्हाही डॉक्टर याचाच आधार घेतात.

याउलट, केवळ तपासणीत अल्ब्युमिनचा आकडा कमी आला म्हणून बाटल्या चढविणे ही निराळी गोष्ट. ब्रिटनमधील ३५ रुग्णालयांत ७७७ रुग्णांवर केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आकडा वर आणण्यासाठी रोज अल्ब्युमिन दिले गेले. संसर्ग, मूत्रपिंडांचा बिघाड किंवा मृत्यू यांचे प्रमाण दोन्ही गटांत सुमारे ३० टक्केच राहिले. उलट फुप्फुसांत पाणी साचण्याचे प्रकार वाढले. इटलीत मात्र आठवड्याला ४० ग्रॅमप्रमाणे दीड वर्षापर्यंत दिल्याने अधिक रुग्ण जगल्याचे २०१८ मध्ये दिसून आले. तज्ज्ञांतच येथे मतभेद आहेत, तेव्हा आपण निवाडा करू नये. परंतु "डॉक्टरसाहेब, हे आकड्यासाठी आहे की पाणी काढले म्हणून?" असे नम्रपणे विचारण्यास नातेवाइकांनी संकोच करू नये. म्हैस विकण्यापूर्वी तर नाहीच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो; उपचार योजनेत बसतो काय, याची चौकशी प्रथम त्याच्याकडे करावी.

घरी परतलेल्या रुग्णाचे मीठ कमी करावे; पापड, लोणचे बंद. अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, त्या मूत्रपिंडांना घातक ठरतात. दारू एक थेंबही नको. डाळ, दूध आणि अंडी मात्र तोडू नयेत. यकृताच्या रुग्णाला प्रथिने वर्ज्य ही समजूत आता मागे पडली आहे. म्हणजे माझा अंड्यांचा सल्ला अगदीच वाया जाणारा नव्हता. तो बाटलीच्या जागी दिला, ही चूक.

त्या चिठ्ठीच्या कोपऱ्यात 'पाणी काढले : ८ लिटर' अशी नोंद होती. मी ती वाचली होती, पण तिचा अर्थ मला कळला नव्हता. तीन बाटल्या म्हणजे ६० ग्रॅम. हिशेब बरोबर होता.