आधी बॅकग्राउंड दाखवा!



 परिषदेच्या अध्यक्षाने रिवाजाप्रमाणे जनुकयाद्यांच्या विश्लेषणाच्या क्षेत्राचा आढावा घ्यायचा, तो उरकतो. १९९५ मध्ये क्योटोत कानेहिसांनी ‘केग’ हा पाथवेंचा माहितीसाठा सुरू केला. फळमाशी, उंदीर आणि यीस्टवर काम करणारे एकत्र आले आणि त्यांनी २००० मध्ये ‘जीन ऑन्टॉलॉजी’ मांडली. जनुकयादीत कुठले पाथवे ठळक दिसतात हे सांगणारी साधनं पुढे आली: २००३ मध्ये अमेरिकेतून ‘डेव्हिड’, २००५ मध्ये ‘जीएसईए’. पुढचं तुम्ही रोजच वापरता. झाला आढावा.

आता बरीच वर्षं पोटात ठेवलेलं बोलतो.

सकाळच्या सत्रात ‘डेव्हिड’ बरं की ‘एन्‍रिचर’ हे तसंच दुसरं साधन, यावर हमरीतुमरी झाली. ‘डेव्हिड’चा माहितीसाठा २०१० पासून २०१६ पर्यंत तसाच पडून होता आणि तरी लोक खुशाल तो वापरत राहिले, हा आक्षेप खराच आहे. पण साधनं कितीही ताजी असोत, बॅकग्राउंडच, म्हणजे आपली यादी ज्या जनुकांशी ताडून बघायची तो संचच, चुकीचं असेल तर काय उपयोग?

माझ्याकडे एक विद्यार्थिनी यकृताच्या नमुन्यांतली बदललेल्या जनुकांची यादी घेऊन आली. निकालात चयापचयाचे पाथवे, मायटोकॉन्ड्रिया. बाई हरखून गेलेली. विचारलं, “बॅकग्राउंड कुठलं?” म्हणाली, “डीफॉल्टच, सर.” म्हणजे अख्खा जीनोम! मग यकृतात व्यक्त होणाऱ्या जनुकांतून डोळे मिटून पाचशे नावं उचलायला लावली. ना औषध, ना आजार. यादी पेस्ट केली आणि पडद्यावर पुन्हा चयापचय, पुन्हा मायटोकॉन्ड्रिया, एफडीआर, म्हणजे खोट्या शोधांचं अपेक्षित प्रमाण, दिमाखात ०.०५ च्या आत!

हिशेब सोपा आहे. जीनोममध्ये २०,००० जनुकं धरा, त्यांतली १०,००० यकृतात व्यक्त होतात असं समजा. एका पाथवेत २०० जनुकं आहेत आणि ती सगळी या दहा हजारांत आहेत. पाचशेच्या यादीत नुसत्या योगायोगाने त्यांतली सरासरी दहा येणारच. सॉफ्टवेअर मात्र अख्ख्या जीनोमच्या हिशेबाने पाचचीच अपेक्षा धरतं आणि ‘दुप्पट!’ म्हणून पिवळ्या-लाल रंगात आलेख काढून देतं. आषाढीला पंढरपुरात शंभर माणसं मोजायची आणि तुळशीमाळेचं प्रमाण राज्यापेक्षा जास्त निघालं म्हणून शोधनिबंध लिहायचा, त्यातलाच हा प्रकार.

“सर, सगळेच असं करतात,” हे उत्तर मला नेहमी मिळतं. खरंय. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, ओव्हर-रिप्रेझेंटेशन चाचणी, म्हणजे वर सांगितलेलीच अपेक्षेशी तुलना, वापरणाऱ्या ९५ टक्के विश्लेषणांत योग्य बॅकग्राउंड वापरलेलं नव्हतं किंवा ते कुठलं हे लिहिलेलंच नव्हतं. पण चुकीला बहुमत मिळालं म्हणून तिची पद्धत होत नाही. आपण मार्गदर्शकच “जरा आलेख चांगला येऊ दे” म्हणत असू, तर पोरांना कुठल्या तोंडाने बोलणार?

परिषदेने एक पानभर नमुना तयार करावा: बॅकग्राउंड कुठलं, जनुकं किती, माहितीसाठ्याची आवृत्ती कोणती. तपशील कार्यकारिणीने ठरवावा. शक्य झालं तर हा नमुना विद्यापीठांनाही धाडावा. माझ्यापुरतं सांगतो. परीक्षणाला येणाऱ्या ज्या निबंधात बॅकग्राउंड लिहिलेलं नसेल, तो मी आलेखाकडे न बघता परत पाठवणार आहे. इथे बसलेल्यांपैकी काहींचे निबंध त्यात असतील, म्हणून आजच तोंडावर सांगून ठेवतो.