चितळासाठी काय पेरावे?



अमेरिकेतील अलाबामा राज्यात 1988 साली रे स्कॉट यांनी एक आगळा व्यवसाय सुरू केला. त्यांची कंपनी माणसांच्या किंवा गुराढोरांच्या पिकांचे बियाणे विकत नव्हती. जंगलालगतच्या जमिनीत पेरायचे आणि पांढऱ्या शेपटीच्या हरणांनी खायचे, यासाठीच तिचे बियाणे होते. पहिले नावाजलेले वाण पांढऱ्या क्लोव्हरचे होते, म्हणजे मेथीघासाच्या कुळातल्या एका बुटक्या द्विदल चाऱ्याचे. पुढे या व्यवसायाचा मोठा उद्योग झाला. आज तिथल्या खेड्यापाड्यांतल्या बियाण्यांच्या दुकानांत हरणांच्या चाऱ्याच्या पिशव्या सर्रास मांडलेल्या असतात आणि कृषी विद्यापीठे त्यावर सल्लापत्रिका काढतात.

या खटाटोपामागे बहुतांशी शिकार आहे, हे खरे. पण त्यातून जे ज्ञान जमले त्याकडे पाठ फिरवण्याचे कारण नाही. पांढऱ्या शेपटीच्या हरणाला नुसते तगून राहायला आहारात 6 ते 10 टक्के प्रथिने पुरतात. दूध पाजणाऱ्या मादीला आणि शिंगे वाढणाऱ्या नराला मात्र 16 टक्क्यांच्या आसपास लागतात. त्यामुळे तिथला जाणता माणूस आधी वर्षाचे तुकडे पाडतो. उत्तरेकडे हिवाळ्याची अखेर जीवघेणी असते, म्हणून तिथे थंडी सोसणारी राय आणि सलगमासारखी मोहरीकुळातली पिके घेतात. कडाक्याचे दहिवर पडले की सलगमाच्या पानांत साखर वाढते आणि तोवर दुर्लक्षित राहिलेले पीक हरणे फस्त करतात. दक्षिणेत भर उन्हाळ्यात चारा आटतो. तिथे चवळी पेरतात, आणि वालही पेरतात. आपल्या कोकणात ज्याचे बिरडे होते त्याच जातीचा हा वाल. टेक्ससमधल्या ओव्हर्टन केंद्राने त्याचे ‘रिओ व्हर्दे’ नावाचे वाण काढले, आणि तिथल्या हरणांच्या चाऱ्यात ते आज पेरले जाते.

याच देशाने चुकाही भरपूर केल्या, आणि त्या आपल्याला जास्त उपयोगाच्या आहेत. बर्फात उपाशी दिसणाऱ्या हरणांपुढे दयाळू माणसे मक्याचे ढीग टाकतात. हिवाळाभर काटक्या आणि कळ्या चघळणाऱ्या हरणाच्या पोटातले जीवाणू त्या काष्ठमय खाद्याला सरावलेले असतात. त्यांना नव्या अन्नाशी जुळवून घ्यायला दोन-तीन आठवडे लागतात. अचानक पिष्टमय धान्य पडले की पोटात आम्ल वाढते आणि हरीण भरल्या पोटी मरते. दुसरी चूक अधिक काळ टिकली. धूप थांबेल आणि वन्यप्राण्यांना चारा-आडोसा मिळेल म्हणून आशियातून आणलेली सेरिसिया लेस्पेडेझा ही वनस्पती तिथे सरकारी प्रोत्साहनाने लावली गेली. तिच्या जून पानांत टॅनिन इतके की जनावरे तिला टाळू लागली. ती गवताळ प्रदेशभर पसरली आणि शेवटी कॅन्सस राज्याला तिला उपद्रवी तण ठरवावे लागले.

महाराष्ट्राच्या जंगलांत गेली दोन-तीन दशके कुरण विकासाचे काम चालू आहे. त्यासाठी निधी येतो, आराखडे होतात. बैठकीत पहिला प्रश्न हमखास येतो तो ‘काय पेरायचे?’ हा. या परिषदेने त्याच्या आधी तीन प्रश्न विचारायची सवय लावावी, एवढेच या भाषणाचे मागणे आहे. कोणाच्या तोंडासाठी? कोणत्या महिन्यासाठी? आणि त्या जमिनीत आज काय उगवते आहे?

तोंडापासून सुरुवात करू. जर्मन अभ्यासक राइनहोल्ड हॉफमन यांनी रवंथ करणाऱ्या प्राण्यांची जठरे तपासून त्यांची मांडणी केली: निवडून कोवळा पाला खाणारे, गवत खाणारे आणि दोन्हींच्या मधले. अमेरिकेतले पांढऱ्या शेपटीचे हरीण पहिल्या गटातले. चरबट गवतावर त्याचे भागत नाही, म्हणून त्याला क्लोव्हर हवे. आपले चितळ मधले आहे. पावसाळ्यात ते गवतावर तुटून पडते आणि उन्हाळ्यात पाला, फुले, फळे शोधते. सांबर पाल्याकडे अधिक झुकलेले, भेकर तर फळे आणि कोंब वेचणारे. अलाबामाचे बियाणे ताडोबात का चालणार नाही याचे पहिले उत्तर हवामानात नव्हे, जबड्यात आणि जठरात आहे.

आणि बाराशिंगा जवळपास पूर्णपणे गवतावर जगतो. कान्ह्यात 1970 साली अवघे 66 बाराशिंगे उरले होते. जॉर्ज शालर यांनी 1963 ते 65 या काळात तिथे केलेला अभ्यास आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचे क्लॉड मार्टिन यांचे काम, दोन्हींमधून या प्राण्याची गवताशी बांधलेली गाठ स्पष्ट झाली. त्याला नुसते चरायला गवत पुरत नाही. पाडस लपवायला उंच गवतही हवे. गुरांच्या चराईने आणि दरवर्षीच्या वणव्यांनी नेमके तेच संपत चालले होते. सोंफसारखी गावे कान्ह्याच्या आतून हलली, त्यांच्या शेतांची कुरणे झाली, आगीवर नियंत्रण आले, बंदिस्त आवारात पैदास झाली, आणि आज तिथली संख्या हजाराच्या आसपास आहे. तिथे परदेशी चाऱ्याची एक पिशवी फोडावी लागली नाही. गवताला पुरेशी सवड आणि उंची मिळाली, हेच तिथले खरे काम.

आता महिना. विदर्भात जुलै ते ऑक्टोबर चाऱ्याची ददात नसते. गवत कोवळे असते तेव्हा त्यात प्रथिने भरपूर असतात. ते निसवले, वाळले, डिसेंबरनंतर पिवळे पडले की हे प्रमाण तीन-चार टक्क्यांपर्यंत उतरते. साधारण 7 टक्क्यांखाली गेले की जठरातल्या जीवाणूंचेच पोषण होत नाही. मग पुढ्यात गंजीएवढे गवत असले तरी जनावर वाळत जाते. शिवाय मध्य भारतात चितळाची बरीच पाडसे हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत जन्मतात. म्हणजे मादीची गरज सर्वांत जास्त आणि चाऱ्याचा कस सर्वांत कमी, असे हे महिने. फेब्रुवारी ते जूनचे हे खिंडार भरणार नसेल, तर पावसाळ्यात डोळ्यांना सुखावणाऱ्या हिरव्या कुरणाचे छायाचित्र अहवालात लावून काही साधत नाही.

हे खिंडार भरते कसे, ते पेंचमध्ये बघावे. तोतलाडोह जलाशयाचे पाणी हिवाळ्यापासून मागे सरकू लागते आणि उघड्या पडलेल्या ओलसर गाळावर कोवळे गवत उगवते. सगळे जंगल करपलेले असताना चितळांचे कळप त्या हिरव्या पट्ट्यावर उतरतात. ते गवत कोणी पेरलेले नसते. यातून घेण्यासारखा धडा असा की, उन्हाळी चाऱ्याची जागा ओल ठरवते. बोडीचा काठ, नाल्याची थड, जुन्या भातखाचरांचा सखल भाग, या जागा आधी राखाव्यात. तिथे हरळी टिकते, मारवेल पुन्हा फुटते. माळावरच्या मुरमाड जमिनीत तोच पैसा ओतला तर मार्चमध्ये हाती काडीच लागते.

उन्हाळ्याची दुसरी भिस्त झाडांवर आहे, आणि कुरण विकासाच्या आराखड्यात ती बहुधा दिसत नाही. चितळे पळसाची आणि शिवणीची गळलेली फुले खातात, मोहफुले खातात, आवळा, बोर, बेहडा, उंबर खातात. वानरे वरून डहाळ्या आणि फळे टाकतात, खाली चितळे ती वेचतात; कान्ह्यात या सोबतीवर अभ्यासही झाला आहे. तेव्हा कुरण म्हणजे झाडे काढून केलेले मैदान, ही समजूत सोडावी. कडेची फळझाडे ही त्या कुरणाचाच भाग आहेत.

तिसरा प्रश्न जमिनीचा. ताडोबात बोटेझरी, नवेगाव, जामणी, मेळघाटात बोरी, कोहा, कुंड, अशी गावे बाहेर आली. त्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्यांची घरे सोडली. त्या जमिनीचे पुढे काय होते याची जबाबदारी म्हणूनच मोठी आहे. नांगर थांबलेल्या शेतात आपोआप कुरण येत नाही. पहिल्या पावसात तरोटा उठतो, त्याच्या मागोमाग रानतुळस, मग गाजरगवत, आणि दुर्लक्ष झाले तर घाणेरी. जून तरोट्याला चितळ तोंड लावत नाही, रानतुळशीच्या उग्र वासामुळे तिलाही नाही. अशा शेतात चाऱ्याचे बी फेकणे म्हणजे पैसे फेकणे. आधी निंदण हवे, आणि ते फुलोऱ्यापूर्वी हवे. ऑक्टोबरात, शेंगा धरल्यावर तरोटा उपटला तर बी तिथेच सांडते आणि पुढच्या वर्षी दुप्पट तरोटा येतो. ही गोष्ट मजुरीवर आलेल्या गावातल्या बायांना पक्की ठाऊक असते. मंजुरीच्या कागदाला ती कळायला उशीर होतो. पैसे सप्टेंबरअखेर पोहोचले, तर त्या वर्षाचे निंदण गेलेच असे समजावे.

तण हटले की जमिनीत दबून राहिलेले गवत किती उठते, ते एक पावसाळा बघावे. धुऱ्यांवर बहुतेक वेळा मारवेल, पवना, हरळी यांचे ठोंब तग धरून असतात. ते फोडून जूनच्या अखेरीस ओल्या जमिनीत लावले तर बियाण्यापेक्षा लवकर जम बसतो. सगळे गवत सारखे नसते, हेही ध्यानात असू द्यावे. कुसळी कोवळी असताना चांगली. कुसळे धरली की ती तोंडाला टोचते. तिखाडी तिच्या तेलाच्या वासामुळे नकोशी. मारवेल मात्र जून झाली तरी मऊ राहते आणि ओल मिळाली की पुन्हा फुटते. रानमूग, रानउडीद अशा वेली मधूनमधून राहिल्या तर प्रथिनांची भर पडते आणि जमिनीला नत्र मिळते. क्लोव्हर अमेरिकेत जे करते ते काम आपल्याकडे या वेली करतात.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मारवेलची सुधारित वाणे काढली आहेत. दुभत्या गुरांसाठी ती उत्तम. गावाच्या गायरानात ती जरूर लावावीत, म्हणजे गुरांचा जंगलावरचा भार हलका होईल. अभयारण्याच्या गाभ्यात मात्र त्या त्या खोऱ्यातलेच बी वापरावे. इथली अडचण खरी आहे: असे बी बाजारात मिळत नाही. गवताचे बी हलके, केसाळ, त्यात फुसके दाणे बरेच. ताजे पेरले तर नीट उगवतही नाही, काही महिने साठवावे लागते. नोव्हेंबर ते जानेवारी ते हाताने झाडून गोळा करावे लागते. बियाणे नसते म्हणून ऐनवेळी मिळेल ते आणले जाते. सुबाभूळ अशीच चाऱ्याचे झाड म्हणून गावोगाव पोहोचली. तिच्या पाल्यातले मायमोसिन जास्त पोटात गेले तर विषारी ठरते आणि ती स्वतः झपाट्याने पसरते. माळरानांवरची ग्लिरिसिडियाची लागवडही याच घाईची. ज्या माळावर काळवीट चरत होते तिथे झाडोरा उभा राहिला आणि त्याला दूरवर दिसणारी मोकळी जमीन गेली.

चारा वाढला की हरणे वाढतात, आणि पुढचा हिशेब सुरू होतो. सांगली जिल्ह्यातले सागरेश्वर अभयारण्य जेमतेम 10.87 चौरस किलोमीटरचे. धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उजाड डोंगरावर झाडे उभी राहिली, सांबर-चितळे आणली गेली, वाढली. त्यांना आवरणारा मोठा शिकारी तिथे नव्हता. कळप कुंपणाबाहेर शेतांत उतरू लागले आणि शेतकऱ्याच्या पिकाला झळ बसली. ताडोबा-पेंचचे गणित वेगळे आहे: उल्हास कारंथ यांच्या अभ्यासानुसार एका वाघाला वर्षाला साधारण 50 मोठी भक्ष्ये लागतात, म्हणजे पाठीशी पाचशेच्या आसपास जनावरे असावी लागतात. तिथे कुरण वाघालाच पोसते. तरीही एक पथ्य दोन्हीकडे सारखे. हरभरा, सोयाबीन, मका ही शेतकऱ्याची पिके जंगलात पेरून हरणांना ती चव लावू नये. आणि कुरण गावाच्या शिवेला चिकटून करू नये. तिथे गुरे आणि हरणे एकत्र चरतात आणि लाळ्या-खुरकुतासारखे रोग इकडून तिकडे जातात.

अमेरिकनांकडून उचलावी अशी एक स्वस्त युक्ती आहे. तीन-चार फूट व्यासाचा तारेच्या जाळीचा पिंजरा कुरणात ठोकायचा. आतल्या गवताला कोणी तोंड लावू शकत नाही. महिन्याभराने आतले आणि बाहेरचे गवत शेजारी ठेवून मोजले की जनावरांनी किती खाल्ले ते कळते. आत-बाहेर सारखेच असेल तर ते गवत कोणाला नको आहे. बाहेर जमीन खरवडलेली असेल तर जनावरे जास्त झाली आहेत किंवा कुरण कमी पडते आहे. हजारो रुपये हेक्टरी खर्चूनही आपण हे मोजत नाही, ही बाब या सभागृहाला बोचायला हवी.

म्हणून या परिषदेसमोर तीन ठराव ठेवले आहेत आणि ते एकमताने मंजूर व्हावेत अशी विनंती आहे. प्रत्येक वनपरिक्षेत्रात स्थानिक गवताची किमान एक रोपवाटिका असावी आणि तिचे बी ग्रामसभांकडून, बचतगटांकडून रास्त भावाने विकत घ्यावे. निंदणाचा निधी जूनपूर्वी परिक्षेत्रात पोहोचावा. आणि येत्या पावसाळ्यापासून प्रत्येक विकसित कुरणात जाळीचे पिंजरे बसवून वनरक्षकांनी दर महिन्याला नोंद घ्यावी, विशेषतः फेब्रुवारी ते जून. पुढच्या अधिवेशनाला येताना प्रत्येकाने त्या नोंदवह्या बरोबर आणाव्यात.