गाल कुठं सुटत होता?

आज आम्ही तुम्हाला पुण्याला, नेमबाजीच्या रेंजवर घेऊन जाणार आहोत.

आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीची मुलगी पुण्यात राहून एअर रायफल शिकते. गेले काही महिने तिचे गुण वाढेनात. घरात बोलणं सुरू झालं, "एवढा खर्च होतोय, परत बोलवा तिला." शेवटी तिची आई पुण्याला निघाली. सोबत आम्ही दोघी-तिघी गेलो.

लक्ष्य दहा मीटरवर. त्यातला दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर वेगानं जातो, म्हणजे पापणी लवायच्या आत लागतोसुद्धा. शेजारी उभं राहून आम्हाला काही कळेना. नुसता फट् आवाज, आणि पडद्यावर गुण.

मग कोचताईंनी मोबाइल स्टँडवर लावला आणि स्लो मोशन सुरू केलं. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० चित्रं निघतात, यात २४०. त्यामुळे एका सेकंदात घडलेलं आपण आठ सेकंद बघू शकतो. ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकायला लागलं, म्हणून मुलीला खिडकीजवळच्या जागेवर उभं केलं. मोबाइल बाजूला, नेमबाजांच्या रेषेच्या मागेच ठेवला. रेषेपुढे कुणी जायचं नाही, फ्लॅश लावायचा नाही, हे ताईंनी आधीच बजावलं होतं.

व्हिडिओत छर्रा काही धड दिसला नाही. दिसला तो मुलीचा गाल. गुण बघायची घाई इतकी, की बोट ट्रिगर पुरता दाबायच्या आतच गाल रायफलवरून सुटत होता. डोकं हललं की नळी हलते, आणि नेम चुकतो. ताईंनी सांगितलं, "छर्रा सुटल्यावरही मनात तीन आकडे मोज. मगच मान वर कर."

लगेच सगळे दहा लागले नाहीत. पण छर्रे एका जागी जमायला लागले. आई म्हणाली, "ताई, म्हणजे पोरीला येत नाही असं नाही. चूक कुठं होतीय तेच दिसत नव्हतं."

मुलगी पुण्यातच राहिली.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे पुण्याच्या बालेवाडीत सराव करायचा. १ ऑगस्ट २०२४ ला त्यानं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझपदक मिळवलं. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेत्या झाल्या. दोघंही आपल्याच भागातले.

तुमची मुलगी कबड्डी खेळत असेल, पळत असेल, भालाफेक करत असेल, तर घरातल्या मोबाइलमध्ये स्लो मोशन आहे का बघा. तिला विचारून व्हिडिओ काढा, आणि तिच्या सरांबरोबर किंवा ताईंबरोबर बसून बघा. तिनं होकार दिल्याशिवाय तो गटावर टाकू नका. आणि "तुला जमत नाही" असं म्हणायच्या आधी तो एकदा सावकाश बघा.