गळाभर पाण्यातील माणसे



नदीच्या गळाभर पाण्यातून काही स्त्रिया आणि मुले काठाकडे येत आहेत. कडेवरचे मूल पाण्याच्या वर राहावे यासाठी मातेची धडपड चालली आहे. हे छायाचित्र ६ सप्टेंबर १९६५ चे, दक्षिण व्हिएतनामच्या बिन्ह दिन्ह प्रांतातील लोक थुओंग येथले. अमेरिकी विमानांच्या बॉम्बवर्षावातून जीव वाचवण्यासाठी या कुटुंबांनी नदीत उडी घेतली होती. काठावर कॅमेरा घेऊन उभा होता क्योइची सावादा हा जपानी तरुण.

सावादाचा जन्म १९३६ चा, उत्तर जपानमधील आओमोरी येथला. तो नऊ वर्षांचा असताना, जुलै १९४५ मध्ये, हे नगर अमेरिकी हवाई हल्ल्यात जळून गेले. पुढे तोच मुलगा मिसावा येथील अमेरिकी तळावरील छायाचित्रांच्या दुकानात नोकरीस लागला. जेत्याच्या तळावरच जिताच्या मुलाने कॅमेरा हाताळण्याचे शिक्षण घ्यावे, हा नियतीचा विलक्षण खेळच म्हणावा लागेल! तेथेच त्याला पत्नी साता भेटली. ती वयाने त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी होती. १९६१ मध्ये तो युनायटेड प्रेस इंटरनॅशनल या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या टोकियो कार्यालयात रुजू झाला. व्हिएतनामला पाठवण्याची त्याची विनंती प्रारंभी मान्य झाली नाही. तेव्हा १९६५ च्या आरंभी रजा काढून तो स्वखर्चाने तेथे गेला. त्याचे काम पाहिल्यानंतर संस्थेने त्याची सायगावला नियुक्ती केली.

नदीतील त्या छायाचित्राला नेदरलँड्समधील ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ संस्थेचा वर्षातील सर्वोत्तम छायाचित्राचा मान मिळाला आणि १९६६ मध्ये अमेरिकेचे पुलित्झर पारितोषिकही. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याने आणखी एक दृश्य टिपले. अमेरिकी चिलखती वाहनामागे दोरीने बांधलेले व्हिएतकाँग सैनिकाचे प्रेत धुळीतून फरफटत नेले जात आहे. त्यालाही ‘वर्ल्ड प्रेस फोटो’चा तोच सर्वोच्च बहुमान लाभला. अमेरिकी सेनेस लाजविणारी ही दृश्ये जगाला दाखविली ती अमेरिकी वृत्तसंस्थेनेच, हे विसरता येणार नाही. त्या राष्ट्राच्या पदरी हे श्रेय घातलेच पाहिजे.

परंतु येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. माणसे बुडण्याच्या भयाने हातपाय मारीत असताना कॅमेऱ्याचा खटका दाबणाऱ्याचे त्यांच्याशी नाते कोणते? कीर्ती छायाचित्रकाराची, पारितोषिकाचे धन त्याचे. आणि ज्यांच्या दुःखावर हे सारे उभे राहिले त्यांचे नावही कोणी विचारीत नाही. जगभरच्या बहुतेक युद्धचित्रांची हीच कहाणी आहे. या प्रश्नाला सावादाने शब्दांनी उत्तर दिले नाही. पारितोषिकानंतर तो पुन्हा त्या भागात गेला, नदीतील कुटुंबांना त्याने शोधून काढले, पारितोषिकाच्या रकमेतील वाटा आणि त्या छायाचित्राची प्रत त्यांच्या हाती ठेवली. धुमसत्या प्रदेशात, चेहऱ्यांखेरीज फारशी खूण नसताना, माणसे शोधणे सोपे नव्हते. या एका कृतीमुळे ते छायाचित्र वेगळ्या दृष्टीने पाहावेसे वाटते.

१९६८ मध्ये ह्यूच्या जुन्या राजदुर्गातील घनघोर लढाईतही तो होता. त्यानंतर हाँगकाँगच्या कार्यालयातील सुरक्षित खुर्ची त्याला मिळाली, पण तेथे मन रमले नाही. १९७० मध्ये युद्ध कंबोडियात पसरले आणि सावादा तेथे पोहोचला. एकदा तो एका सहकाऱ्यासह शत्रूच्या हाती सापडला आणि काही तासांनी सुटलाही. दुसरा कोणी असता तर परतला असता.

२८ ऑक्टोबर १९७० रोजी तो आणि त्याच संस्थेचा वार्ताहर फ्रँक फ्रॉश मोटारीने नोम पेन्हच्या दक्षिणेकडील मार्गाने निघाले. त्या मार्गावरच दोघांची हत्या झाली. सावादा तेव्हा ३४ वर्षांचा होता. कंबोडियातील कामासाठी त्याला मरणोत्तर रॉबर्ट कापा सुवर्णपदक देण्यात आले. त्याच्या छायाचित्रांचा ठेवा मागे राहिलेल्या साताने पुढे जपला.