जुन्या डिझेल गाडीचा टर्बो केव्हा बदलावा?



शेतीखात्याचा माणूस खत-बियाणे सोडून मोटारगाडीवर का बोलतो, असे कुणाला वाटेल. पण कुडाळ-वेंगुर्ला भागातल्या बागायतदाराला हे वेगळे सांगायला नको. हंगामात फवारणीच्या पंपाइतकीच गाडीही लागते. पेट्या भरून तयार आहेत आणि गाडी फोंडा किंवा करूळच्या घाटात दम टाकते, म्हणजे कोल्हापूरचा बाजार हुकला. पिकू लागलेला हापूस काही आपल्यासाठी थांबत नाही. दहा-बारा वर्षे वापरलेली डिझेल गाडी अशी ओढेनाशी झाली, की गॅरेजमध्ये पहिला शब्द ऐकू येतो, "टर्बो गेला." आणि टर्बो म्हणजे मोठा खर्च. तो केव्हा करावा आणि केव्हा करू नये, एवढेच आज सांगणार आहे.

टर्बोचे काम साधे आहे. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एक लहान चक्र फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र असते, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त मिळाली की डिझेल जास्त जाळता येते, आणि ताकद वाढते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, आणि तोही इंजिन ऑइलच्या पातळ थरावर तरंगत. म्हणून टर्बो सहसा आपणहून मरत नाही. ऑइल कमी पडले, जुने होऊन काळे-घट्ट झाले, किंवा हवेचा फिल्टर फाटून रस्त्याची तांबडी धूळ आत गेली, तर तो मरतो.

आता गाडी ओढत नाही, काळा धूर सोडते. लगेच टर्बो उतरवू नका. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडते आहे. ती कमी का पडते, ते पाहा. फिल्टर चोंदला असेल. टर्बोपासून इंजिनापर्यंत जाणारा रबरी होज चिरला असेल, किंवा त्याची क्लिप सैल झाली असेल; अशा वेळी जोर लावताना फुस्स असा आवाज येतो आणि सांध्यापाशी ऑइलचा ओलसर डाग दिसतो. आपल्याकडे आणखी एक कारण असते. पावसाळ्यात गाडी मांगरात पेंढ्याशेजारी उभी राहते आणि उंदीर बारीक रबरी नळ्या कुरतडतात. टर्बोचा दाब सांभाळणारी नळी त्यांनी कापली, की चांगला टर्बोही मेल्यासारखा वागतो. नळीची किंमत टर्बोच्या मानाने काहीच नाही.

हे सर्व ठीक निघाले, तरच टर्बोकडे वळावे. गाडी पूर्ण थंड झाल्यावर मिस्त्रीला हवेच्या बाजूचा पाईप काढायला सांगा, आणि आपण शेजारी उभे राहा. चक्राचा दांडा बोटांनी हलवून बघायचा. आजूबाजूला किंचित हलला तर घाबरू नये, ऑइलच्या थरासाठी तेवढी जागा ठेवलेलीच असते. पण पुढे-मागे हलत असेल, चक्राची पाती घराला घासल्याच्या खुणा असतील किंवा पात्यांच्या कडा खाल्लेल्या असतील, तर टर्बोचे दिवस भरले. गाडी चालताना सायरनसारखा चढता आवाज येणे हीसुद्धा घासण्याचीच खूण. पाईपात ऑइलचा पुसट थर असतोच. ऑइल साचलेले असेल तर मात्र बघायला हवे.

इथेच बरेच जण फसतात. निळा धूर आणि पाईपात ऑइल दिसले म्हणजे दोष टर्बोचाच, असे नव्हे. इंजिनाच्या रिंगा झिजल्या असल्या, तरी निळा धूर येतो. शिवाय झिजलेल्या इंजिनात खालच्या भागात दाब वाढतो, टर्बोतून परत येणारे ऑइल अडते आणि टर्बोच्या बाजूंनी बाहेर पडते. असल्या इंजिनावर नवा टर्बो बसवला, तरी तोही गळणार. त्यासाठी इंजिन सावकाश चालू ठेवून ऑइल भरायचे झाकण जपून उघडा. भकाभका धूर येत असेल, तर आधी इंजिनाचा हिशेब करा. इंजिनकाम आणि टर्बो मिळून खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या जवळ जात असेल, तर गाडी काढून टाकलेली बरी. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे तपासणी करून ती वाढवावी लागते. तेही हिशेबात धरा.

टर्बो खरोखर ऑइल सोडत असेल, तर मात्र चालढकल नको. ते ऑइल इंजिनात जाऊन जळू लागले, तर इंजिन त्याच्यावरच भरधाव पळत सुटते आणि चावी काढली तरी थांबत नाही. असे झालेच तर ब्रेक घट्ट दाबा, हँडब्रेक ओढा, सर्वांत वरचा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. बंद पडले नाही, तर सर्वांना घेऊन गाडीपासून दूर व्हा. हवेच्या तोंडावर हात ठेवायला जाऊ नका.

तपासणी मोहोर फुटण्याच्या सुमारास करावी, पेट्या भरताना नव्हे. तेव्हा गॅरेजवाल्यालाही सवड असते आणि सुटा भाग मागवायला वेळ मिळतो. बाहेरचे घर चांगले असेल, तर आतला दांडा-चक्रांचा संचच नवा टाकता येतो. भंगारातला टर्बो घेऊ नये असे माझे मत आहे. तो कशाने उतरवला होता, हे कोण सांगणार? नवा बसवताना ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला, ऑइल आणणारी नळी साफ करून घ्या किंवा नवीच टाका. जुनीत काजळी अडकली असेल, तर नवा टर्बो कोरडाच फिरून जाईल. गाडी चालू करण्यापूर्वी टर्बोत थोडे ऑइल ओतायला मिस्त्रीला आठवणीने सांगा. आणि घाट चढून आल्यावर लगेच चावी फिरवू नका, मिनिट-दोन मिनिटे इंजिन सावकाश चालू द्या. तापलेल्या टर्बोत ऑइल अचानक थांबले तर ते तिथेच जळून कोळसा होते.